पंचाची चूक आणि दुरुस्तीची मुदत

आंतरशालेय स्पर्धांचे परिपत्रक शाळेत येते, तेव्हा त्याच्या अखेरीस एक वाक्य हमखास छापलेले असते : 'पंचांचा निर्णय अंतिम राहील.' गेली कित्येक वर्षे हे वाक्य आम्ही संघ मैदानात उतरण्यापूर्वी विद्यार्थ्यांना वाचून दाखवीत आलो आहोत. त्यात गैर काही नाही. निर्णय देणारा कोणीतरी असावा आणि त्याचे म्हणणे सर्वांनी मानावे, याखेरीज खेळ चालू शकत नाही. परंतु या वाक्याचा अर्थ आपण हळूहळू भलताच करून बसलो आहोत. निर्णय अंतिम आहे म्हणजे तो बरोबरच आहे, आणि तो बदलणे हा पंचाचा कमीपणा आहे, असा तो अर्थ. खेळाडू तसे समजतात, प्रेक्षक तसे समजतात आणि खेदाची गोष्ट ही की, पंचाचे किंवा गुणलेखकाचे काम करणारे आमच्यासारखे शिक्षकही तसेच समजतात.

बास्केटबॉलचे नियमपुस्तक मात्र तसे समजत नाही. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे 'फिबा'च्या नियमांत 'दुरुस्त करता येण्याजोग्या चुका' या विषयाला एक स्वतंत्र कलम दिलेले आहे. पंच चुकणार, हे त्यात गृहीत धरलेले आहे. चूक कोणती, ती केव्हापर्यंत दुरुस्त करावी आणि दुरुस्तीनंतर खेळ कोठून सुरू करावा, हेही ठरवून दिलेले आहे. हे कलम आपल्या शाळांतून फारसे कोणी वाचत नाही. ते वाचले जावे आणि आचरणातही यावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने हा खेळ सुरू केला. हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता यावा असा खेळ त्याला हवा होता. पीच फळांच्या टोपल्या सज्जाला ठोकून आणि अवघे तेरा नियम लिहून त्याने काम भागविले. त्या तेरा नियमांतही पंचाची कामे दोघांत वाटलेली होती : एकाने खेळाडूंकडे पाहावे व फाउल मोजावेत, दुसऱ्याने चेंडूकडे पाहावे, तो कोणाचा हे ठरवावे आणि वेळ राखावी. एका माणसाला सर्व काही दिसत नाही, ही जाणीव या खेळाला जन्मापासून होती. चूक झाल्यास काय करावे, याविषयी मात्र त्या तेरा नियमांत काही नव्हते. खेळ वाढला, गुण वाढले, घड्याळ आणि गुणपत्रक आले, टेबलाशी बसणारी माणसे वाढली, आणि चुकांच्या जागाही वाढल्या. तेव्हा दुरुस्तीचा नियम आवश्यक झाला.

हा नियम मोठा नेमका आहे. नजरचुकीने नियम डावलला गेला, तर पंचाला पुढील चार बाबतींतच मागे वळता येते. देय नसलेला फ्री थ्रो दिला गेला. देय असलेला फ्री थ्रो दिला गेला नाही. गुण चुकीने दिला किंवा रद्द केला. अथवा फ्री थ्रो भलत्याच खेळाडूने मारला. या चारींचे स्वरूप पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. यांतील प्रत्येक चूक गुणांशी निगडित आहे, आणि प्रत्येक चूक गुणपत्रक व नियम यांच्या आधारे तपासून पाहता येते. धक्का लागला की नाही, पाय सरकला की नाही, हा पंचाने डोळ्यांनी पाहून दिलेला निवाडा होय. त्याला हे कलम हात लावीत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला हा भेद परिचयाचा वाटेल. सनावळी चुकली तर ती कागद पाहून सुधारता येते; एखाद्या घटनेचा अर्थ कोणी कसा लावला, हा वेगळा प्रश्न आहे.

दुरुस्तीला मुदतही आहे. चूक घडल्यानंतर घड्याळ सुरू झाले, पुढे पहिला 'डेड बॉल' झाला आणि त्यानंतर चेंडू पुन्हा 'लाइव्ह' झाला, की मुदत संपते. म्हणजे खेळ एकदा थांबून पुन्हा सुरू होईपर्यंत चूक ध्यानात आली पाहिजे. कोणत्याही संघाचे नुकसान होत नसेल, तर चूक कळताच पंच खेळ तत्काळ थांबवू शकतात. चूक घडल्यापासून ती उमगेपर्यंत जे गुण झाले, जे फाउल झाले, जेवढी वेळ खर्ची पडली, ते सारे कायम राहते. मधला काळ पुसला जात नाही. आणखी एक बारकावा असा : संघाला फ्री थ्रो देय होते, पंचाने चुकून थ्रो-इन दिला आणि त्याच संघाने त्यातून बास्केट केले, तर ती चूक सोडून दिली जाते. ज्याचे नुकसान व्हायचे त्याचे झालेच नाही, मग दुरुस्ती कशाची? नियम करणाऱ्यांनी केवढा सारासार विचार केला आहे, हे यावरून दिसते.

गुणलेखनातील आणि वेळेच्या नोंदीतील चुकांची मुदत याहून लांब आहे. बेरीज चुकली, फाउलांचा आकडा चुकला, टाइम आउटची नोंद राहून गेली, घड्याळ वेळेवर थांबले नाही, अशा चुका मुख्य पंचाने गुणपत्रकावर सही करीपर्यंत केव्हाही सुधारता येतात. सही झाली की प्रकरण मिटले. म्हणूनच ती सही हा केवळ उपचार नव्हे, हे प्रत्येक पंचाने लक्षात ठेवले पाहिजे. आपल्याकडे पुढच्या सामन्याची घाई असते, प्रमुख पाहुण्यांची वाहने उभी असतात आणि पंच उभ्याउभ्याच सही करून मोकळे होतात.

हे सर्व आम्ही पुस्तकातून शिकलो, पण त्याचे महत्त्व कळण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. तो येथे सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण त्यात चूक आमची होती. काही वर्षांपूर्वी मुलींच्या एका आंतरशालेय सामन्यात आम्ही गुणलेखक म्हणून टेबलाशी बसलो होतो. दोन्ही संघ बाहेरचे होते. शेवटचे सत्र चालू होते आणि गुण बरोबरीत होते. एका संघाच्या खेळाडूने फाउल केला. पंचांनी खेळाडूचा क्रमांक दाखविला आणि प्रतिस्पर्ध्यांना थ्रो-इन देऊन खेळ सुरू केला. आम्ही त्या खेळाडूच्या नावापुढे फाउल मांडला आणि सांघिक फाउलांच्या चौकटीकडे वळलो, तो चारही चौकटी आधीच भरलेल्या! एका सत्रात चार सांघिक फाउल झाल्यानंतर पुढच्या फाउलाला दोन फ्री थ्रो द्यावयाचे असतात. ते दिले गेले नव्हते. टेबलावर तसे दर्शविणारी खूणही आम्ही ठेवलेली नव्हती, म्हणजे पंचांना आगाऊ सूचना देण्याचे आमचे कामही आम्ही केले नव्हते.

काही क्षणांतच चेंडू रेषेबाहेर गेला आणि खेळ थांबला. बोलण्याची वेळ हीच होती. आमच्यासमोर घंटी होती. पंच आमच्यापासून दहाएक पावलांवर उभे होते. आमच्या मनात मात्र नाना विचार आले. खेळ पुढे गेला, आता काय उपयोग? पंच ज्येष्ठ आहेत, त्यांना चारचौघांत चूक दाखविणे बरे दिसेल का? आपणच खूण ठेवली नव्हती, हेही उघडे पडेल. एवढा विचार होईतो पंचांनी चेंडू थ्रो-इन करणाऱ्या मुलीच्या हाती दिला आणि मुदत संपली. तो संघ एका गुणाने हरला.

ते दोन फ्री थ्रो मिळाले असते तर बास्केट झालेच असते, असे आम्ही म्हणत नाही. कदाचित दोन्ही चुकले असते. परंतु ते मारण्याचा त्या मुलीचा हक्क होता आणि तो आमच्या मौनामुळे गेला. सामना संपल्यावर पराभूत संघाची कर्णधार टेबलाशी आली. तिने गुणपत्रक पाहिले, बोट ठेवून चौकटी मोजल्या आणि विचारले, "सर, चार तर आधीच झाले होते ना?" आम्ही 'होय' म्हणालो. ती काही न बोलता निघून गेली. तिने वाद घातला असता, तिच्या शिक्षकांनी तक्रार केली असती, तर आम्हांला कदाचित इतके लागले नसते. पंचांचा निर्णय अंतिम असतो, हे तिला तिच्या शाळेने शिकविले होते आणि तिने ते पाळले. आम्ही आमच्या बाजूचे काम केले नव्हते.

जगाच्या मोठ्या मैदानांवरही हेच प्रश्न उभे राहिले आहेत. सप्टेंबर १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिका आणि सोव्हिएत संघ समोरासमोर होते. तीन सेकंद उरले असताना डग कॉलिन्सने दोन्ही फ्री थ्रो साधून अमेरिकेला ५०-४९ अशी आघाडी मिळवून दिली. सोव्हिएत खेळाडूंनी चेंडू आत टाकला, पण टेबलाशी गोंधळ झाल्यामुळे एक सेकंद शिल्लक असताना खेळ थांबविला गेला. आम्ही टाइम आउट मागितला होता, तो दिला गेला नाही, असे सोव्हिएत प्रशिक्षकांचे म्हणणे होते. या वेळी फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली आले आणि घड्याळ तीन सेकंदांवर न्यावे, असे त्यांनी सांगितले. पुन्हा खेळ सुरू झाला तेव्हा घड्याळ नीट लावलेलेच नव्हते; भोंगा वाजला, अमेरिकन खेळाडूंनी जल्लोष केला आणि तोही डाव रद्द झाला. तिसऱ्या वेळी इव्हान येडेश्कोने मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चेंडू फेकला आणि अलेक्झांडर बेलोव्हने बास्केट केले. सोव्हिएत संघ ५१-५० असा जिंकला. अमेरिकेची तक्रार पाच सदस्यांच्या समितीने ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळली. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदके स्वीकारली नाहीत.

या सामन्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. सोव्हिएत खेळाडूंचा दावा खोटा होता, असे आम्ही म्हणणार नाही. कदाचित तीन सेकंद परत देणे न्याय्यही असेल. आमचा आक्षेप वेगळा आहे. चालू सामन्यात असा आदेश देण्याचा अधिकार नियमांनी सरचिटणीसांना दिलेला नव्हता. ज्याच्या हाती शिट्टी आहे त्याने दुरुस्ती करावयाची असते. ज्याचे पद मोठे आहे त्याने नव्हे. दुरुस्ती रास्त असली तरी ती अनधिकाराने झाली, की हरणाऱ्याला ती कधीच रास्त वाटत नाही. आपल्या शाळांच्या मैदानांवरही एखादे पदाधिकारी किंवा यजमान संस्थेचे वजनदार गृहस्थ मंडपातून उठून टेबलाशी येतात, तेव्हा पंचांनी म्युनिकची आठवण ठेवावी.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक स्पर्धेचे. १९ डिसेंबर २००७ रोजी अटलांटा येथे मायामी हीट आणि अटलांटा हॉक्स यांच्यातील सामना जादा वेळेत गेला होता. मायामीच्या शकील ओनील याला सहा फाउल झाल्याचे सांगून ५१.९ सेकंद शिल्लक असताना बाहेर काढण्यात आले. प्रत्यक्षात तो त्याचा पाचवाच फाउल होता. गुणलेखकांच्या नोंदीत एक फाउल जास्त लागला होता. अटलांटाने सामना ११७-१११ असा जिंकला. मायामीने तक्रार केली. संघटनेने ती जानेवारी २००८ मध्ये मान्य केली, अटलांटा संघाला ५० हजार डॉलरचा दंड केला आणि शेवटचे ५१.९ सेकंद पुन्हा खेळण्याचा आदेश दिला. ८ मार्च २००८ रोजी ते खेळले गेले. कोणालाही गुण मिळाला नाही, निकाल तोच राहिला. ज्याच्यासाठी हे घडले तो ओनील तोपर्यंत फीनिक्सच्या संघात गेला होता.

हा प्रकार काहींना हास्यास्पद वाटला. आम्हांला तो आदरणीय वाटतो. निकाल बदलणार की नाही, हे पाहून दुरुस्ती करावयाची नसते. चूक कागदावर सिद्ध होती, ती टेबलाची होती, खेळाडूची नव्हती; म्हणून ती दुरुस्त झाली. मात्र अडीच महिन्यांनंतर केलेल्या दुरुस्तीला किती मर्यादा पडतात, हेही येथे दिसते. त्याच रात्री टेबलावरील एकाने वेळीच पान तपासले असते, तर अर्ध्या मिनिटात काम झाले असते.

काही चुका सामन्यात सुधारत नाहीत, पण नियम सुधारतात. २००२ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्स व सॅक्रॅमेंटो किंग्ज यांच्यातील पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात, पूर्वार्ध संपताना लेकर्सच्या समाकी वॉकरने लांबून टाकलेला चेंडू बास्केटमध्ये गेला. वेळ संपल्यानंतर तो हातातून सुटला होता, हे चित्रफितीत स्पष्ट दिसत होते. पण चित्रफीत पाहण्याची पंचांना मुभा नव्हती. तीन गुण धरले गेले आणि लेकर्स तो सामना १००-९९ असा जिंकले. पुढच्याच हंगामापासून सत्राच्या अंतिम क्षणी झालेल्या बास्केटसाठी चित्रफीत पाहण्याची सोय झाली. २०१५ पासून एनबीए अटीतटीच्या सामन्यांतील शेवटच्या दोन मिनिटांचे निर्णय तपासून कोणते चुकले हे जाहीर करते. निकाल त्यामुळे बदलत नाही. पुढे प्रशिक्षकाला पंचाच्या निर्णयाला आव्हान देण्याची मर्यादित संधीही मिळाली.

आमच्या शाळांकडे कॅमेरे नाहीत आणि ते नसल्याचे आम्हांला दुःखही नाही. पंचाने उघडपणे चूक मान्य करण्यास कॅमेरा लागत नाही. ज्या चार चुकांविषयी वर लिहिले, त्या सुधारण्यास गुणपत्रक, पेन्सिल आणि बोलण्याचे धैर्य एवढे पुरेसे आहे.

याउलट जी दुरुस्ती आपल्याकडे सर्रास चालते, ती नियमपुस्तकात कोठेही नाही. आपण एका संघावर अन्याय केला, असे पंचाला वाटते. मग दोन मिनिटांनी तो दुसऱ्या संघावर एखादा पोकळ फाउल देऊन हिशेब चुकता करतो. प्रेक्षकही 'आता बरोबर झाले' म्हणून टाळ्या वाजवितात. आमच्या मते हा सर्वांत घातक प्रकार होय. पहिली चूक नकळत झालेली असते, दुसरी जाणूनबुजून केलेली असते. ज्या मुलाने काहीच केलेले नसते, त्याच्या नावावर फाउल लागतो. पाच भरले की तो बाहेर जातो. एका निरपराध खेळाडूकडून पंच आपल्या चुकीचे देणे फेडून घेतो आणि वर समतोल राखल्याचे समाधानही मिळवितो. शिवाय अशी भरपाई गुपचूप होते. दुरुस्तीच्या कलमानुसार पंचाला शिट्टी वाजवून, टेबलाशी जाऊन, सर्वांना कळेल अशा रीतीने चूक सुधारावी लागते. या उघडपणातच तिची विश्वासार्हता आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो. पंच आपली चूक मान्य करू लागले, तर मुले प्रत्येक निर्णयावर वाद घालतील, मैदानावर शिस्त उरणार नाही, असे काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात. त्यांच्या अनुभवाचा आम्ही आदर करतो. परंतु नियमाने ही भीती आधीच ओळखलेली आहे. म्हणूनच चुकांची यादी चारांपुरती ठेवली आणि मुदत घातली. निवाड्याच्या निर्णयावर वाद नाही, मुदतीनंतर वाद नाही. फळ्यावर चुकीची बेरीज लिहिणारा शिक्षक ती विद्यार्थ्यांसमोर पुसून नीट लिहितो, तेव्हा वर्ग बेशिस्त होत नाही. तो पुसत नाही आणि पाठीमागे मुले एकमेकांकडे पाहून हसतात, तेव्हा शिस्त गेलेली असते.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. सामन्यापूर्वी पाच मिनिटे पंचांनी टेबलाशी बसणाऱ्यांबरोबर बसावे आणि चूक आढळल्यास ती कोणी, कोणत्या खुणेने कळवावी, हे ठरवून घ्यावे. चौथा सांघिक फाउल झाल्याची खूण, मग ती साधी लाल पुठ्ठ्याची का असेना, प्रत्येक टेबलावर असावी. चूक कळताच गुणलेखकाने पुढचा डेड बॉल होताक्षणीच घंटी वाजवावी. समोरचा पंच कितीही ज्येष्ठ असो, त्याने भीड बाळगू नये. पंचाने दोन्ही प्रशिक्षकांना बोलावून एका वाक्यात चूक व तिची दुरुस्ती सांगावी आणि खेळ सुरू करावा; लांबण लावू नये. सहीपूर्वी बेरजा दोघांनी पडताळाव्यात. आणि शाळेतील दोन-चार विद्यार्थ्यांना तरी गुणलेखनाचे रीतसर शिक्षण द्यावे. जो मुलगा संघात निवडला जात नाही, तोही या मार्गाने खेळाचा जबाबदार घटक होऊ शकतो.

परिपत्रकातील वाक्यही आम्ही बदलू इच्छितो. 'पंचांचा निर्णय अंतिम राहील' हे तसेच असावे, पण त्याखाली आणखी एक ओळ छापावी : 'नियमात बसणारी चूक मुदतीत आढळल्यास पंच ती स्वतः दुरुस्त करतील.' पहिल्या ओळीने खेळाडूचे कर्तव्य सांगितले जाईल, दुसऱ्या ओळीने आमचे.

त्या कर्णधार मुलीचे नाव आम्ही गुणपत्रकावर वाचले होते. आता ती कोठे असेल, कोण जाणे. त्या सामन्याच्या गुणपत्रकावर सही झालेली आहे आणि त्यातील चूक आता कोणाच्याही अधिकारात उरलेली नाही. त्यानंतर टेबलाशी बसण्याचे अनेक प्रसंग आले. सामना सुरू होण्यापूर्वी आम्ही लाल पुठ्ठा समोर ठेवतो आणि घंटी हाताशी आहे ना, हे पाहून घेतो. आपल्या शाळेतून जे विद्यार्थी पुढे पंच होतील, गुणलेखक होतील, किंवा ज्यांच्या शब्दावर इतरांचे काही अवलंबून असेल अशा कोणत्याही टेबलाशी बसतील, त्यांना आमची एवढीच विनंती आहे : चूक दिसली आणि मुदत शिल्लक असली, तर घंटी वाजवा.